अवग्रह

टिपणीसबाईंचं पुस्तक आज सोहारला पोचलं.
कस्टमच्या माणसानं खोकं फोडून विचारलं, कुठली भाषा?
म्हटलं, जुनी.
त्यानं पानं फरफर उलटली,
चित्रं नाहीत बघून शिक्का मारला.

सूर नावाच्या गावात त्या आम्हाला संस्कृत शिकवायच्या.
गावाच्या नावावर पहिल्या दिवशी एकदाच विनोद केला,
मग एकोणीस वर्षं नाही.
नवरा गॅसच्या कारखान्यात, प्रबंध पुण्यात अर्धा.
व्हिसावर आधी: गृहिणी, नोकरीस परवानगी नाही.
मग कुणीतरी बदलून आणलं: शिक्षिका, तात्पुरती.
फ्रेंच न झेपणारी पोरं
त्यांच्या वर्गात ढकलली जात.
मी त्यातलाच.

घरी एकच पोथी, तीही फोटोंत,
मधलं एक पान वाळवीनं नेलेलं.
टिपणं खजुराच्या रिकाम्या खोक्यांत:
खलासच्या खोक्यात संधी, फर्दच्या खोक्यात पाठभेद,
खनेझीच्या खोक्यात विद्यापीठाची पत्रं.
पोथीला वाळवी, टिपणांना मुंग्या,
बाई फुंकर मारून पुढचं कार्ड काढत.
शेवटच्या पत्रात नोंदणी रद्द,
मार्गदर्शक वारले, मुदतही संपली.
त्या पत्राच्या पाठीवरही टिपणं आहेत,
मी पाहिलीत.

संध्याकाळी, जिथं गलबतं बांधतात तिथं
म्हातारा खमीस बिन सालिम फळीला फळी भिडवत बसे.
कागद नाही, आराखडा नाही,
सगळं डोक्यात.
हा आपल्यातला, पाठांतराचा माणूस, बाई म्हणायच्या.
तो म्हणाला नाखुदा.
बाई म्हणाल्या, आमच्याकडे नाखवा.
एवढ्याशा शब्दावर दोघं किती वेळ हसत राहिली,
आम्हाला कळेना
यात हसण्यासारखं काय.

आठवीत त्यांनी फळ्यावर ऽ काढला.
बाई, हा तर इंग्रजी एस.
नाही रे. इथं एक अ होता. तो गेला.
ही त्याची जागा.
मी विचारलं, आणि लिहिणारा काढायला विसरला तर?
खडू हातात तसाच राहिला.
तास संपेपर्यंत त्या खिडकीतून खाडीकडे बघत होत्या.
आम्ही कागदी विमानं उडवली.
एक त्यांच्या खांद्याला लागून पडलं,
तरी काही बोलल्या नाहीत.

काय झालं होतं ते आज कळलं. पान चौऱ्याऐंशी.
पोथीत ओळ आहे: ये पारं गतास्ते मृताः।
पलीकडच्या तीराला गेले ते मेले.
मध्ये एक ऽ घातला तर तेऽमृताः,
ते अमर.
जुने लेखनिक हे चिन्ह काढायचेच असं नाही.
आता कोण सांगणार,
अ गेला होता
की नव्हताच.

मला वाटलं, बाई अमर करतील.
करायला हवं होतं.
समुद्र ओलांडून आलेल्या सगळ्यांसाठी,
खमीसच्या त्या मुलासाठी जो झांझिबारहून परतला नाही,
माझ्या वडिलांसाठी, जे इथून परत गेले
विमानाच्या पोटात, सामानाबरोबर,
वजन लिहिलेल्या पेटीतून.

नाही.
वर छापलंय मृताः. पोथीत आहे ते.
खाली बारीक टायपात तळटीप:
अवग्रह मानल्यास अर्थ उलटा. पुरावा नाही.
शंका: आठवी ब, सूर.

माझं नाव नाही. बाईंना ते कधी नीट आठवायचंच नाही,
दोन वर्षं मला मिलिंद म्हणायच्या.
मुखपृष्ठावर त्यांच्याही नावाआधी डॉक्टर नाही,
नुसतं हेमलता टिपणीस,
आणि किंमत, रुपयांत.

रात्र झालीय. ए.सी. गुरगुरतोय.
पान चौऱ्याऐंशी उघडं ठेवून
पेन्सिल हातात घेऊन बसलोय.
पुस्तकात लिहिलेलं बाईंना चालत नसे.